छतावर 335 वॉट, बॅटरीत निम्मेही नाही: पुणे ते वेंगुर्ला, ईकोमधून

केळशीला तिसऱ्या रात्री, पहाटे सव्वातीनला गाडीतला पंखा थांबला. ऑक्टोबरचा उकाडा, वारा पडलेला. हात लांबवून फ्रिज पाहिला तर त्याचाही दिवा गेलेला, आत आदल्या संध्याकाळी घेतलेली सुरमई. पुण्याहून निघताना बॅटरी काठोकाठ भरलेली होती. ताम्हिणी उतरल्यापासून तिन्ही दिवस लख्ख ऊन होतं आणि छतावर सोलर पॅनेल असलेली आमची ईको व्हॅन दिवसभर उघड्यावर होती. तरी बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिला जपणाऱ्या आतल्या सर्किटने, सप्लाय तोडला होता.

उजाडेपर्यंत आम्ही दोघं वहीत हिशोब मांडत बसलो. फ्रिज दिवसाला साधारण 480 वॉट-अवर खातो, पंखा 28 वॉटचा, दहा तास म्हणजे 280. लॅपटॉप 240, दिवे आणि फोन मिळून 80. एकूण 1080. छतावर 335 वॉटचं पॅनेल, उन्हाचे पाच तास धरले आणि उष्णतेचा, सपाट बसवल्याचा तोटा वजा केला, तरी 1100 यायला हवेत. कागदावर सगळं जमत होतं.

उत्तर हर्णै बंदरात मिळालं. तिथे बोटींच्या वायरिंगची कामं करणारे एक काका भेटले. त्यांच्याकडे डीसी क्लॅम्प मीटर होता. भर दुपारी बारा वाजता त्यांनी आधी पॅनेलच्या वायरीला मीटर लावला, 7.9 अँपिअर. मग चार्ज कंट्रोलरमधून (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा) बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीला, तिथेही 7.9. मीटर बंद करत ते म्हणाले, "हा एमपीपीटी नाही हो. वर नुसतं लिहिलंय."

सगळा घोळ इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो. छतांवर बसवतात ती 72 सेलची मोठी पॅनेलं 36-38 व्होल्टला काम करतात, तापल्यावर 33 च्या आसपास. बॅटरी आहे 13 व्होल्टची. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो आणि पॅनेलचा व्होल्टेज ओढून 13 वर आणतो. अँपिअर तेवढेच राहतात. म्हणजे 7.9 गुणिले 13.3, जेमतेम 105 वॉट. बाकीचे छतावरच वाया. खरा एमपीपीटी तो जादा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून देतो, त्यामुळे बॅटरीकडे जाणारे अँपिअर पॅनेलपेक्षा जास्त दिसलेच पाहिजेत. मला पुण्यातल्या एका दुकानात 2,400 रुपयांना जो डबा "एमपीपीटीच आहे, बिनधास्त लावा" म्हणून विकला, त्यात पीडब्ल्यूएमच होता. फोन केला तर "तुमचं पॅनेल खराब असेल" हे उत्तर. पॅनेल ठणठणीत होतं. ही सरळ फसवणूक आहे आणि मला तिचा अजूनही संताप येतो.

क्लॅम्प मीटर नसला तरी चालेल, चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. उन्हात, बॅटरी अर्धवट भरलेली असताना, कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. 30 च्या पुढे दिसला तर एमपीपीटी. 13-14 दिसला तर डबा परत करा. दुकानात ओळखायचं असेल तर हातात घेऊन वजन बघा. खऱ्याच्या आत तांब्याची कॉइल आणि बाहेर ॲल्युमिनियमचं जाड अंग असतं, तो जड लागतो. माझा डबा प्लॅस्टिकचा होता, मोबाईलएवढा हलका. कमाल पॅनेल व्होल्टेजही वाचा. या पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता येणारा, 46 असतो, त्यामुळे 50 ची मर्यादा असलेला कंट्रोलर घेऊच नका. 100 चा घ्या.

रत्नागिरीपर्यंत आम्ही फ्रिज बंद ठेवला आणि बंदरावरचा बर्फ वापरला. दाभोळची जंगलजेट्टी (गाड्या नेणारी फेरीबोट), गुहागर, तवसाळहून जयगड, हे सगळं पंख्याविना. या दिवसांत इंजिनवरून चार्जिंग करायचा मोह होतो. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि लहान गाडीचा अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही जोडलं नाही.

रत्नागिरीत साडेसहा हजारांना 30 अँपिअरचा खरा एमपीपीटी मिळाला. रस्त्याच्या कडेलाच बसवला. आधी पॅनेलची वायर काढली, मग बॅटरीची. जोडताना उलट, आधी बॅटरी, मग पॅनेल. हा क्रम चुकवू नका. स्क्रीनवर 17.5 अँपिअर उमटले तेव्हा बायकोने टाळ्या वाजवल्या. तेच पॅनेल, तेच ऊन.

एकूण खर्च: जुनं पॅनेल 6,000, शंभर अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी 22,000, एमपीपीटी 6,500, वायर-फ्यूज 3,500, छतावरचा सांगाडा 2,500. साडेचाळीस हजार, अधिक बुडालेले 2,400. फ्रिज आणि पंखा वेगळे. इन्व्हर्टर घेतला नाही आणि घ्यायची गरजही नाही, लॅपटॉप 12 व्होल्टच्या टाइप-सी चार्जरवर चालतो. इंडक्शन शेगडीचा विचार सोडून द्या. 2000 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर दीडशेहून जास्त अँपिअर. स्वयंपाक गॅसवरच करा. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिचं वजन पन्नास किलोच्या वर, चार्जिंगला गॅस सोडते आणि अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते. झोपायच्या जागेत ती नकोच.

वायरीत काटकसर करू नका. फ्रिजला मी आधी दीड स्क्वेअर एमएमची ओढली होती, आता चारची आहे. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवा. पॅनेलखाली चार बोटं हवा खेळू द्या.

आणि माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडेल म्हणून तर नाहीच, पण झावळीच्या सावलीनेही पार वाट लागते. मालवणजवळ एका वाडीत सावलीचे पट्टे पॅनेलभर पडले होते, 17 चे 4 अँपिअर झाले. गाडी दोन हात पुढे घेतली, पुन्हा 16.

गणपतीपुळे, देवगड, मालवण छान झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबरात जाणार असाल तर कोकणात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच असतो. सपाट पॅनेलला तीन चतुर्थांशच मिळतं, तेव्हा पॅनेलची एक बाजू उचलायची सोय ठेवा. पावसाळ्यात या एका पॅनेलवर फ्रिज चालणार नाही.

लिथियमचा व्होल्टेज बघून चार्ज कळत नाही, बराच वेळ तो 13.2 च्या आसपासच राहतो. म्हणून बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा शंटचा मीटर लावा, दीड हजारात येतो. आम्ही तो वेंगुर्ल्यात लावला. तिथल्या सागरेश्वर किनाऱ्यावर शेवटच्या सकाळी सहा वाजता त्यावर 61 टक्के होते. पंखा रात्रभर चालू होता आणि फ्रिजमधलं पाणी इतकं गार होतं की पेल्याला बाहेरून घाम आला होता.