बुडालेली उधारी खात्यातून काढताना

रबाळे एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या बरण्या आणि झाकणांचा छोटा कारखाना आहे. उत्पादन धाकटे दीर बघतात, हिशेब माझ्याकडे. तुर्भ्याच्या एका मसालेवाल्या पार्टीने २०२२-२३ मध्ये माल उचलला. बिल २,८३,२०० रुपयांचं, त्यातले ४३,२०० जीएसटीचे. पुढे गाळ्याला कुलूप, फोन बंद, रजिस्टर्ड पत्रही परत आलं. मार्च २०२५ मध्ये ठरवलं, ही रक्कम बुडीत म्हणून काढून टाकायची.

भाऊजींना भीती वाटत होती. "वहिनी, आपणच खात्यातून काढलं तर मागायचा हक्क जाईल ना?" हक्क जात नाही. पार्टीला काही लिहून दिलं नाही, तर तिचं देणं तसंच राहतं. पुढे पैसे आले तर त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून दाखवायचे आणि कर भरायचा. त्यांना ते पटलं. गाडी अडली ती सीएंच्या ऑफिसात.

आमची फाइल बघणाऱ्या असिस्टंटचं एकच पालुपद: "मॅडम, बुडाल्याचा पुरावा आणा." वकिलाची नोटीस हवी, कोर्टातल्या दाव्याची प्रत हवी, पार्टी दिवाळखोर झाल्याचा कागद हवा. परत आलेलं पाकीट दाखवलं, तर म्हणे हे चालणार नाही. तोवर त्याने ताळेबंदाच्या कच्च्या प्रतीत संशयित बुडीत कर्ज निधी, म्हणजे उधारी बुडेल या अंदाजाने नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, धरून ठेवला होता आणि पार्टीचं नाव येणे रकमांच्या यादीत तसंच होतं. पुरावा मिळाला की पुढच्या वर्षी काढू, असं तो सहज म्हणाला. मार्च संपत आला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

हा निधी बारावी कॉमर्सला आपण सगळेच शिकतो. नफा-तोटा पत्रकात नफा त्याने कमी होतो, पण आमच्यासारख्या धंद्याला प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नाही, ती रक्कम पुन्हा नफ्यात मिळवली जाते. वजावट हवी तर पार्टीचं खातंच बंद करावं लागतं: बुडीत कर्ज खातं नावे, पार्टीचं खातं जमा, पार्टीची बाकी शून्य. आणि ही नोंद त्याच वर्षाच्या वह्यांत हवी. दुसरी अट, ती विक्री आधी कधीतरी उत्पन्नात धरलेली असली पाहिजे. आमची २०२२-२३ च्या विक्रीत होतीच.

पुराव्याचं म्हणाल, तर तो नियम १ एप्रिल १९८९ पासून बदललाय. त्याआधी कर्ज खरंच बुडालं हे सिद्ध करावं लागायचं. आता वह्यांत बुडीत म्हणून काढलं की पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं आणि प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या १२ क्रमांकाच्या परिपत्रकात आपल्या अधिकाऱ्यांनाही तेच कळवलं. जे खुद्द प्राप्तिकर खातं मागत नाही, ते मी का आणायचं? परिपत्रकाची प्रिंट काढली, सीए सरांची वेळ घेतली आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचलं, असिस्टंटला बोलावलं आणि नोंद माझ्यासमोर टॅलीत घालून घेतली. त्या दिवशी घरी येताना खूप हलकं वाटलं. राग मात्र अजून आहे, कारण ज्याला हे माहीत नसेल तो बिचारा वर्षानुवर्षं न आलेल्या पैशांवर कर भरत राहणार.

परत आलेली पत्रं आणि मेसेज फाइलला लावून ठेवा हं, उद्या कोणी विचारलं तर हाताशी असावं. फक्त त्यांच्यासाठी नोंद अडवू देऊ नका.

जीएसटीचं दुखणं वेगळं. ते ४३,२०० रुपये आम्ही विक्रीच्या वेळीच भरले होते आणि उधारी बुडाली म्हणून ते परत मिळत नाहीत. क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढू, असंही असिस्टंटने सुचवलं होतं. माल परत आला, बिलात किंमत किंवा कर जास्त लागला, अशा कारणांसाठी क्रेडिट नोट असते, पैसे आले नाहीत म्हणून नव्हे. गंमत नाही, अन्याय आहे हा: १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट, उलटवावं लागतं, म्हणजे सरकारला तिकडूनही मिळायचं, आणि विक्रेत्याच्या हाती काहीच नाही.

मुदतीचं राहिलं. उधारीच्या वसुलीसाठी दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी पार्टीने बाकी कबूल असल्याचं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून ती नव्याने सुरू होते. म्हणून आता दर मार्चमध्ये प्रत्येक पार्टीकडून बाकी कबूल असल्याच्या पत्रावर सही-शिक्का घेतेच. भाऊजीही सही आल्याशिवाय एप्रिलचा माल गाडीत चढवत नाहीत.

आणि जे वह्या न ठेवता उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून रिटर्न भरतात, त्यांना बुडीत उधारीची वेगळी वजावट मिळत नाही. त्यांनी त्या टक्क्यांचा पर्याय घेण्याआधीच हा हिशेब सीएंकडून करून घ्यावा.