कापसाच्या मुलखातली गिटार

माझ्या घरमालकीणबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. गेल्या दिवाळीत चकली आणि शंकरपाळ्यांची ताटली घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि कपाटातून एक छोटी तबकडी काढली. सात इंचांची, मधोमध चांगलं दीड इंचाचं भोक. त्या भोकात बसवायची प्लास्टिकची पिवळी चकती त्यांनी खणातून शोधून काढली, तबकडी स्वेटरच्या बाहीला पुसली आणि सुई टेकवली. आधी नुसती खरखर. मग ड्रम, एकसारखा घरंगळत येणारा, मध्येच लांब जाऊन पुन्हा अगदी कानाशी येणारा. आणि त्याच्यावर इलेक्ट्रिक गिटार, श्वास न घेता पळत सुटलेली.

"१९५७ साली घेतली ही," त्या म्हणाल्या. "हा आमच्या गावचा मुलगा."

गाणं होतं 'पेगी सू'. मुलगा म्हणजे बडी हॉली, रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक.

टेक्सासच्या पश्चिमेला लबक नावाच्या गावात मी राहते. मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. इथल्या विद्यापीठात कापसाच्या धाग्यावर काम करते. आले तेव्हा पीक तेवढं ओळखीचं होतं, बाकी सगळं परकं. जमीन परातीसारखी सपाट, वारा सुटला की आभाळ लाल मातीनं भरून जातं. पऱ्हाटी आपल्यापेक्षा बुटकी. वेचणीला बाया नाहीत, यंत्रच अख्खी बोंडं ओरबाडून घेतं आणि प्लास्टिकात गुंडाळलेले हत्तीएवढे गोल गठ्ठे शेतात टाकत पुढे जातं. अशा मुलखातून जगाला वेड लावणारं काही निघालं असेल, हे मला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. नाव ऐकलं होतं. गावात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत, आणि दारात त्याच्या काळ्या चौकटीच्या चष्म्याचं भलंमोठं शिल्प. रोज त्यावरून जात होते. गाणं मात्र ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ते लागोपाठ चार वेळा ऐकलं. अडीच मिनिटांचं गाणं, त्यात निम्मा वेळ एका मुलीचं नाव. तरी मन भरेना. असं का होतं, हे शोधायला मी नंतर बरंच ऐकलं, वाचलं, आणि शेवटी जिथे हे रेकॉर्ड झालं तिथे जाऊन आले.

बडी हॉलीचा जन्म लबकमध्ये, ७ सप्टेंबर १९३६ चा. घरी सगळे गाणारे-वाजवणारे. मोठ्या भावानं पैसे दिले आणि १९५५ मध्ये त्यानं फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. ही गिटार बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ती बनवणारे लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांची गिटार पोकळ नसते, भरीव लाकडाची असते. तारांच्या खाली लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. वर पोलादी तार थरथरली की खाली वेटोळ्यात वीज थरथरते आणि ॲम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. लाकडाच्या पोटात आवाज घुमत नाही, त्यामुळे बोट तारेवर पडलं की पडलं. आडपडदा नाही. सतारीच्या मिजराबीचा ठोका जसा स्पष्ट ऐकू येतो, तसा इथे प्रत्येक आघात ऐकू येतो.

पण नुसती गिटार चांगली असून भागत नाही. याचा पुरावा हॉलीच्याच आयुष्यात आहे. जुलै १९५६ मध्ये त्यानं नॅशव्हिलला जाऊन डेक्का कंपनीसाठी 'दॅटल बी द डे' हे गाणं रेकॉर्ड केलं. मोठं शहर, मोठी कंपनी, घड्याळ लावून चालणारं काम. आज ते ऐकलं की वाईट वाटतं. पट्टी इतकी चढी की गळा ताणला गेलाय, मुलगा बिचारा पळत्या गाडीमागे धावतोय असं वाटतं. कंपनीनं पुढे करार वाढवला नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यानं तेच गाणं न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस या गावी, नॉर्मन पेटी यांच्या छोट्या स्टुडिओत पुन्हा गायलं. खरं तर नमुना म्हणून. तो नमुनाच बाजारात आला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्येही.

गाणं तेच, गाणारा तोच, मध्ये सात महिने. जुन्या गाण्यांची ओढ केवळ जुन्या दिवसांच्या आठवणींमुळे असते, असं म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐकावीत. वय दोघांचंही सारखंच. पण दुसरं जिवंत आहे आणि पहिलं नाही. शिवाय मला कुठल्या आल्यात १९५७ च्या टेक्सासच्या आठवणी?

फरक कशानं पडला ते क्लोव्हिसला कळलं. लबकहून सुमारे १६० किलोमीटर. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना कापूस, मध्येच जिनिंगचे पत्र्याचे शेड आणि रस्त्याच्या कडेनं उडून साचलेला पांढरा पुंजका, अगदी आपल्या बाजार समितीच्या रस्त्यावर असतो तसा. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. सातव्या रस्त्यावर एक साधी बैठी इमारत. आधी कळवून गेलं की उघडून दाखवतात. आत सगळं तसंच ठेवलंय, मशीन, माईक, सेलेस्टा नावाचं पियानोसारखं छोटं वाद्य. मागच्या बाजूला राहायच्या खोल्या. मुलं रात्रभर वाजवायची आणि तिथेच आडवी व्हायची.

पेटी तासावर पैसे घेत नसत, गाण्यावर घेत. एवढ्या एका गोष्टीवर माझ्या मते सगळं उभं आहे. घड्याळ नाही म्हटल्यावर माणूस खेळून बघतो. 'पेगी सू'चा तो घरंगळणारा ड्रम जेरी ॲलिसन यानं बाहेरच्या स्वागतकक्षात बसून वाजवला, कारण आत तो बाकी सगळ्यांना गिळून टाकत होता. आणि तो लांब-जवळ होतो ते पेटींच्या हातामुळे. शेजारी त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. त्याच्या माळ्यावर त्यांनी घुमाऱ्याची खोली केली होती. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक, आवाज तिकडे पाठवायचा आणि घुमवून परत आणायचा. गाणं चालू असताना पेटी ड्रमचा घुमारा बटणानं चालू-बंद, चालू-बंद करत राहिले. यंत्र हाताशी होतं, पण ठेका माणसाचा होता.

त्याच गाण्यात मध्ये गिटारचा तुकडा येतो. हॉली एवढ्या वेगानं सगळे आघात वरून खाली मारत होता की गिटारवरची कळ फिरवायला हात मोकळा नव्हता. मग त्याचा सोबती निकी सुलिव्हन शेजारी गुडघे टेकून बसला आणि नेमक्या क्षणी ती कळ त्यानं फिरवली. हे समजल्यावर गाणं पुन्हा लावलं. आवाज एकदम कडक होतो ती जागा आता मला दिसते. गुडघ्यावर बसलेला एक मुलगा, कळीवर बोट ठेवून वाट बघणारा.

या गाण्यांना सगळे 'साधी' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. साधेपणा तर रटाळ गाण्यातही असतो. इथे आहे ती जवळीक. मोजकी माणसं, एक खोली, टेप फिरायला लागली की सगळ्यांनी एकदम वाजवायचं. कोण कुठे बसलंय, कुणाचा हात जड आहे, हे सगळं त्या अडीच मिनिटांत साठून राहतं. नंतर दुरुस्त करायला फारशी सोयच नव्हती, म्हणून जे झालं ते झालं तसं आपल्यापर्यंत आलं.

घरमालकीणबाईंच्या तबकडीच्या मागच्या बाजूला 'एव्हरीडे' आहे. ते मी एका रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, बाबांना व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. बाबा आयुष्यभर जिनिंगमध्ये होते आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवतात. इंग्रजी येत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव पेटी, हे ऐकूनच खूश झाले होते. गाणं सुरू झालं आणि दहा सेकंदांत त्यांनी हात वर केला.

"थांब वं बाई. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"हे वाद्य नाही. हा मांडीवर ठेका धरून रायला."

मला काही बोलताच येईना. कारण खरंच तसंच आहे. त्या गाण्यात ड्रम नाही, जेरी ॲलिसननं गुडघ्या-मांडीवर थापा मारल्यात आणि माईक तिथे धरलाय. सेलेस्टा पेटींच्या पत्नी व्हाय यांनी वाजवलाय. हे मला पुस्तकातून कळलं होतं. बाबांना कानानं कळलं. खंजिरीच्या तालावर सगळी हयात गेली, तळहाताचा आवाज त्यांना कोण शिकवणार? मग ते स्वतःच्या मांडीवर तोच ठेका धरून बसले आणि आई मागून विचारत राहिली, काय चाललंय म्हणून. पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, "त्या पोराचं अजून काही आहे का?" मी 'नॉट फेड अवे' लावलं. त्यात ॲलिसन पुठ्ठ्याचं खोकं वाजवतो. बाबांनी तेही ओळखलं, फक्त खोक्याऐवजी पिपा म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दुःखद आहे. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान पडलं आणि हॉली गेला. वय २२. पहिलं गाजलेलं गाणं बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. लबकच्या दफनभूमीत त्याची फरशी जमिनीलगत आहे, तिच्यावर गिटार कोरलेली आणि आडनावात एक 'ई' जास्त, म्हणजे घरचं खरं आडनाव. करारात कंपनीकडून ते अक्षर गळलं आणि जगात तो गळलेल्या अक्षरानिशीच राहिला. मी गेले तेव्हा फरशीवर गिटार छेडायच्या प्लास्टिकच्या पिक्सची छोटी रास होती. कुणी कुणी ठेवलेल्या. एक अगदी झिजलेली होती, कडा गोल झालेल्या.

हॉली आणि त्याच्या सोबत्यांचं ऐकून इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची काही पोरं १९५८ मध्ये एका घरगुती स्टुडिओत गेली आणि साडेसतरा शिलिंग देऊन त्यांनी पहिली तबकडी बनवून घेतली. त्यातलं एक गाणं होतं 'दॅटल बी द डे'. त्या पोरांत पुढे 'बीटल्स' म्हणून गाजलेले जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन होते.

आणि एक गोष्ट, जी कळल्यावर मला फार बरं वाटलं. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तिच्यात याच पिढीचं, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे. १९५८ ची इलेक्ट्रिक गिटार. त्याच तबकडीत गोव्यातल्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. दोघंही आज एकाच यानातून सूर्यमालेच्या पार निघालेत. मी बाबांना दोन्ही ऐकवली. केसरबाईंच्या वेळी ते बोलले नाहीत. चक बेरीच्या वेळी म्हणाले, "याची बोटं लय बोलतात."

आता एक राहिलं. हॉलीच्या मंडळींचं नाव 'क्रिकेट्स'. आपला बॅट-बॉलचा खेळ नव्हे, क्रिकेट म्हणजे रातकिडा. डेक्काच्या जुन्या करारामुळे 'दॅटल बी द डे' त्याला स्वतःच्या नावावर पुन्हा आणता येत नव्हतं, म्हणून एक नाव हवं होतं आणि मुलांनी कीटकांच्या यादीतून ते निवडलं. त्यानंतर काही महिन्यांनी 'आय'म गॉना लव्ह यू टू' रेकॉर्ड करताना गॅरेजच्या माळ्यावर, त्या घुमाऱ्याच्या खोलीत, खराखुरा रातकिडा शिरला. तो काही केल्या सापडेना. शेवटी राहू दिला. गाणं विरत जातं तिथे तो ऐकू येतो.

हे मी बाबांना आधी सांगितलं नाही. नुसतं गाणं लावलं आणि शेवटी आवाज वाढवला. तिकडे रात्र झाली होती, बाबा अंगणात बाजेवर बसले होते. गाणं संपलं. बाबा फोन हातात धरून तसेच बसून राहिले, मग मान वळवून कुंपणाकडे बघितलं.

"रातकिडा तिकडचा ओरडला," त्यांनी विचारलं, "का आपल्या इथला?"