भाड्याच्या दाव्यात सापडलेलं बिऱ्हाड

घराण्याचा शोध म्हटला की आपल्याकडे आधी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची नामावळी आठवते. तिथे पिढ्या मिळतात. पण गिरगावच्या खोलीत आजोबांबरोबर नक्की कोण कोण राहत होतं, हे मला कळलं ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयातल्या एका दाव्यातून. घरमालकाने आजोबांवर लावलेला, १९५० नंतरचा. त्याच्या नकला घरातल्या ट्रंकेत होत्या.

अशा दाव्यांत एवढी माहिती येते ती कायद्यामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात प्रमाणित भाडं, म्हणजे कायद्याने मान्य भाडं, ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं पाहिलं जाई. त्यामुळे लोक जुन्या पावत्या जपत आणि वाद झाला की कोर्टात हजर करत. शिवाय पोटभाडेकरू ठेवला या कारणावर मालक जागा खाली करून मागू शके. मग खोलीतला प्रत्येक माणूस कोण, नात्याने काय लागतो, कधीपासून राहतो, हे भाडेकरूला सांगावं लागे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर कुटुंबातलं कोण राहत होतं, हाही प्रश्न निघेच.

आमच्या दाव्याचा निकाल अगदी कोरडा आहे. आजोबांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. चुलतभावाचा मुलगा गिरणीत रात्रपाळीला, म्हणून दिवसा झोपायला येतो. विधवा मावशी स्वयंपाक करते. या मावशीबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं. उलटतपासात वकील तिला विचारतो, जेवणाचे पैसे घेतेस का? ती म्हणते, घेते, गावच्या गिरणीवाल्या पोरांकडून. म्हणजे आमच्या खोलीत ती खाणावळ चालवत होती! आमचं घर तिच्या हातावर उभं होतं, आणि ते लिहून ठेवलं कोर्टाच्या कारकुनाने.

अर्थात कैफियत जिंकण्यासाठी लिहिलेली असते. ‘चुलतभावाचा मुलगा’ खरंच तसा होता का, हे शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहायलाच हवं.

मालमत्ता असलेल्यांची माहिती उच्च न्यायालयातल्या मृत्युपत्रांच्या प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेण्याच्या कागदांत, सापडते. बालपणी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा १८८४ ते १८८८ चा खटला आपण विवाहाच्या प्रश्नासाठी वाचतो, पण त्यात वडील जनार्दन पांडुरंग यांची मिळकत आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घरही येतं. चाळकऱ्यांनी मृत्युपत्रं कशाची करायची? त्यांच्या वाट्याला भाड्याचे दावेच.

दाव्याचा क्रमांक आणि वर्ष हाती असल्याशिवाय कोर्टात शोध पुढे सरकत नाही. मुदत संपलेले कागद नष्टही केले जातात. म्हणून आधी घरच्या ट्रंका, पोटमाळे, पावत्यांची पुडकी पाहा. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, मिळाला तरी तिथे थांबू नका. कैफियत, जबान्या आणि पुरावा म्हणून निशाणी घातलेले कागद मागा.

मावशीच्या जबानीत चिपळूण तालुक्यातल्या तिच्या गावाचं नाव आहे. आता तिथल्या तलाठ्याकडे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, म्हणजे जुने फेरफार, पाहायचे आहेत.