पाण्याचं मत आणि आमचा ओढा

मार्च २०२३ च्या पाण्याच्या मंडळाच्या निवडणुकीसाठी पोस्टाने मतदानाचं कार्ड घरी आलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन मला दीडच वर्ष झालं होतं, खिशात आपला निळा पासपोर्ट. वाटलं, कुणीतरी पत्ता चुकलंय. शेजारच्या आजींना दाखवलं तर त्या हसल्या. त्याच दिवशी प्रांताचीही निवडणूक होती. तिथे मला मत नाही. पण पाण्याच्या मंडळाला आहे, कारण तुम्ही इथे कायदेशीर राहता एवढं त्यांना पुरतं.

नेदरलँड्समध्ये अशी २१ जलमंडळं आहेत. 'वाटरस्खाप' म्हणतात. आमच्या भागातलं डेल्फलंड १२८९ सालचं, म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादव होते तेव्हाचं. देशाचा पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे बांध, पंप, कालवे बघायला कुणीतरी लागतंच. यांनी त्यासाठी निवडणूक घेतली आणि वेगळा कर लावला, इतकंच. ते बिल पहिल्यांदा आलं तेव्हा मी कुरकुरलो होतो, हे कबूल करतो. आमच्या गावात पाणीपट्टी भरणाऱ्याला लोक भोळा समजतात.

पण माझ्या मनात खरी रुतून बसली ती दुसरीच गोष्ट, 'स्खाउ'. शरद ऋतूत मंडळाची माणसं चाऱ्या बघायला निघतात. ज्याच्या जमिनीला लागून चारी, तिच्यातलं गवत-गाळ काढायची जबाबदारी त्याची. नाही काढलं तर नोटीस, तरीही नाही तर मंडळ काढतं आणि खर्च त्याच्याच अंगावर टाकतं. जुन्या काळी नियम याहून कडक होता. आपल्या वाट्याचा बांध राखणं ज्याला झेपत नसे, तो बांधावर फावडं रोवून निघून जाई. जो ते फावडं उपटील, त्याची जमीन आणि त्याचाच बांध. ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याकडे बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात भांडतात, पण ते भांडण असतं बांध आपल्याकडे ओढण्यासाठी.

इथलं तंत्र उचलून मराठवाड्यात लावा, असं मी म्हणणार नाही. ह्यांना पाणी बाहेर काढायचं असतं, आपल्याला आत धरायचं. आपल्याकडे पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. इथे माथाच नाही, सगळं ताटासारखं सपाट. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. जालन्याजवळच्या कडवंचीने १९९६ पासून हेच केलं. शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माणसं मागे उभी राहिली, गावाने बांधबंदिस्ती केली, शेततळी खोदली आणि दुष्काळी माळावर द्राक्षं पिकवली. अशी गावं शंभरात दोन-चार, ही खंत वेगळी.

आमचं लातूर बाकीच्यांतलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी बारावीला होतो. टँकरभोवती गर्दी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी लागू होती. गावात ज्याच्याकडे पैसा होता त्याने बोअर आणखी खाली नेला. शेजारच्याचा आटला तर तो त्याचं नशीब.

मग २०२५ चा सप्टेंबर उलटा आला. मांजरा, तेरणा, सीना, सगळ्यांनीच पात्र सोडलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हिडिओ पाठवला, त्यात आमच्या शेतातून तांबडं पाणी घोंघावत होतं, आणि ते अगदी ओळखीच्या वाटेने. तो आमचा ओढा होता. आजोबांच्या काळात त्यात बैलगाडी उतरायची. दादांनी नि चुलत्यांनी दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराचे दोन-दोन तास वाढवत तो गटारीएवढा केला. सातबाऱ्यावर नसलेल्या त्या पट्ट्यातलं सोयाबीन विकून माझ्या पहिल्या वर्षाची फी भरली गेली, हेही सांगून टाकतो. म्हणजे तक्रार करायला मी फारसा लायक नाही.

गेल्या रविवारी दादांना फोनवर स्खाउचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आन् आपल्या वढ्याची मोजणी कोन आनायची? भावकीत आग लागंल की."

"दादा, चुलत्यांनी त्यांच्या बाजूचं सोडलं तर तुम्ही सोडाल?"

"त्येनं आधी सोडू दे."

पलीकडे आई चुलीपाशी काहीतरी पुटपुटली. मला नीट ऐकू आलं नाही. दादाच म्हणाले, "तुझी आई म्हनती, आधी आपलंच सोडा. तिला काय, तिच्या म्हाहेरच्या शेतात वढाच न्हाई." फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाले, "दिवाळीला येताना तिकडची लांब टेप घेऊन ये. आपली शंभर फुटी तुटलीय."