सिव्हिक १७ वर नेली आणि परत १४.७ वर आणली

माझी होंडा सिव्हिक १९९५ची, एलएक्स, पाच गिअरची. इंजिन डी१५बी७, दीड लिटर. मी राहतो ओहायोत, कोलंबसजवळ, आणि गाडी बनली तीही ओहायोतच, ईस्ट लिबर्टीच्या कारखान्यात. हायवेला ॲव्हरेज ३८ मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला सोळा किलोमीटर. त्याच पिढीतल्या सिव्हिक व्हीएक्सला सरकारी आकडा होता हायवेला ५५. तिचं इंजिन लीन बर्नचं, म्हणजे कमी पेट्रोल आणि जास्त हवेच्या पातळ (लीन) मिश्रणावर चालणारं. हा फरक डोक्यातून जाईना, म्हणून मागच्या हिवाळ्यात माझ्याही गाडीचं मिश्रण लीन करायला हात घातला.

लहानपणी बाबा चेतकचा प्लग काढून रंग बघायचे. चहाचा रंग म्हणजे बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त. मग कार्बोरेटरचा स्क्रू किंचित इकडे किंवा तिकडे. सिव्हिकमध्ये स्क्रूचं ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो. तो शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी, प्लास्टिकच्या पॅनेलमागे असतो. माझ्या गाडीतला पी०६ मॉडेलचा. इंधनाचा आपला तक्ता चालवायला वेगळी चिप लावावी लागते. त्याच्या बोर्डावर त्या २८ पायांच्या चिपची जागा रिकामीच असते, पण भोकं कारखान्यातूनच सोल्डरने भरलेली. तांब्याची वात लावून एकेक भोक मोकळं करायला दोन संध्याकाळी गेल्या. ग्राउंडचं भोक तर काही केल्या वितळेना, कारण तिथली उष्णता बोर्डाच्या तांब्यात पसरून जाते. शेवटी मोठं टोक लावून, बोर्ड आधी गरम करून ते निघालं. मग चिपसाठी सॉकेट, शेजारी तिच्या जोडीचा ७४एचसी३७३ हा आयसी आणि ईसीयूला नवी चिप वाचायला लावणारा जे१चा जंपर. चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवा लागला तो विझेचना. ३७३च्या एका पायाला ड्राय सोल्डर होता. तो पुन्हा टाकला, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. त्या रात्री बाबांना व्हिडिओ पाठवल्याशिवाय मला झोप आली नाही.

मूळचा ऑक्सिजन सेन्सर फक्त १४.७च्या अलीकडे आहोत की पलीकडे एवढंच सांगतो (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा). त्याच्यापुढचं नेमकं मोजायला वाइडबँड सेन्सर लागतो. तो सायलेन्सरच्या पाइपात बसवला, लॅपटॉप शेजारच्या सीटवर, आणि दर रविवारी पहाटे आय-७१ हायवेवर. ताशी ६० मैलांना पाचव्या गिअरला साधारण अडीच हजार आरपीएम. इंधनाच्या तक्त्यात एवढ्याच भागातल्या चौकटींना हात लावायचा, थोडं पेट्रोल काढायचं, पुन्हा फेरी मारायची. चढाचे आणि फुल थ्रॉटलचे आकडे मी जसेच्या तसे ठेवले. तिथे मिश्रण लीन झालं तर इंजिनच जायचं.

१५.५ला काहीच जाणवलं नाही. १६.५ला पिकअप जरा मेला. लीन मिश्रण सावकाश जळतं, म्हणून स्पार्क चार अंश आधी टाकला, तसा तो परत आला. १७च्या पुढे मात्र एका जागी धरलेल्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक हिसके देऊ लागली. मिसिंग, म्हणजे मधूनच मिश्रण पेट घेत नव्हतं. १७ वर थांबलो. चार टाक्या एकाच पंपावर, एकाच नोझलने भरल्या. हिशेब आला ४०.५. लिटरला एक किलोमीटर वाढला.

व्हीएक्स २०च्या पुढे जाते आणि माझी १७लाच अडखळते, हे का, ते शोधताना खरी गोष्ट कळली. व्हीएक्सच्या इंजिनात कमी आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचा एक इनटेक व्हॉल्व्ह जेमतेम उघडतो. सगळी हवा दुसऱ्यातून गरगरत आत येते, त्या भोवऱ्यामुळे एवढं पातळ मिश्रणही पेट घेतं. शिवाय तिला कारखान्यातूनच पाच तारांचा, लीन बाजू मोजणारा सेन्सर आहे. माझे दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच उघडतात. हे चिप बदलून होणारं काम नाही.

आणि याहून वाईट म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड. ते सर्वात जास्त तयार होतात १६च्या आसपास. २०च्या पुढे आच कमी होते, तसे ते उतरतात. म्हणजे साधं इंजिन ओढूनताणून जिथवर जातं, तो त्या टेकडीचा माथा आणि त्याला लागून असलेला उतार. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइड मोडतो तो १४.७च्या अगदी जवळ असताना. लीन झालं की ते काम जवळजवळ बंद. खुद्द होंडाने कॅलिफोर्नियात विकलेल्या व्हीएक्सना लीन बर्न दिलं नव्हतं, आणि रस्त्यावरच्या गाडीची प्रदूषण-यंत्रणा अशी निकामी करणं इथे क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदाच आहे. हे मी चिपला हात लावण्याआधी वाचायला हवं होतं. चार टाक्या मी तो धूर लोकांच्या घरांवरून सोडत गेलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात मूळचा प्रोग्रॅम परत चढवला आणि क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने मिश्रण १४.७ला धरणं) चालू केला. वाइडबँड ठेवलाय. परवा त्याच्यावरच दिसलं की थंड इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतंय आणि तोवर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, राहतंय. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला निघाला. नवीन आणलाय, शनिवारी बसवतो.