गाज ऐकू आली पाहिजे

रत्नागिरीहून पावसला जाताना उजव्या हाताला समुद्राकडे उतरणारी वाट लागते, तिच्या शेवटी आमचं घर. चिरेबंदी, कौलारू. मागे हापूसची बाग आणि बागेपलीकडे समुद्र. अशा घरात आम्ही एअर प्युरिफायर घेतला हे कळल्यावर मुंबईच्या नातेवाइकांनी पहिला प्रश्न केला, "तुम्हाला कशाला तो?" त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते. मी शोधत होते तेव्हा मिळालेली सगळी माहिती शहरातल्या बंद फ्लॅटसाठी होती. कौलारू घराचा, खाऱ्या हवेचा विचार करून लिहिलेलं काही हाती लागलं नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. रात्री अडीचला अप्पांच्या खोलीत दिवा लागलेला दिसला म्हणून गेले. अप्पा, माझे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. दम्याचा पंप हातात होता. "झोप जा गो, होईल बरं," म्हणाले. त्या पाच शब्दांत त्यांना दोनदा थांबावं लागलं. खोलीत करपट वास भरला होता. वरच्या वाडीत दिवसा भाजावळ झाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, पेरायच्या जागेवर शेण, पातेरा, कवळ, गवत पसरून उन्हाळ्यात भाजतात. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे, कुणाला दोष द्यायचा नाही. पण दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो तोवर धूर वर सड्याकडे, म्हणजे कातळाच्या माळाकडे, जातो, आणि रात्री वारा फिरला, मतलई सुटला, की तोच धूर उतारावरून खाली आमच्या घरात येतो. अप्पांचा त्रास रात्रीच का वाढतो, हे कोडं मला त्या रात्री उलगडलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध आणि पंप चालूच राहणार, त्यांची जागा कुठलंही यंत्र घेणार नाही. आणि यंत्राचं मग बघा, आधी घरातला धूर बंद करा. घरातला धूर! तो मोजायला बसलो तर बोटं पुरेनात. न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं आणि चुडतं, देवघरात उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री पलंगाखाली डासांची कॉइल. कॉइल त्याच दिवशी गेली, मच्छरदाणी आली. न्हाणीत विजेचा गिझर लावला. धुपाटणं मात्र माईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, लग्नापासूनचं. मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. त्यांनीच ते उचललं आणि तुळशीपाशी अंगणात नेऊन ठेवलं. रोजचा धूप आता तिथे होतो.

इतकं करून उरला तो बाहेरून येणारा धूर. त्यासाठी यंत्र.

घरातून दोन अटी आल्या. अप्पा म्हणाले, "आण, पण मला रात्री गाज ऐकू आली पाहिजे." जन्मापासून ते समुद्राच्या आवाजात झोपतात. गाज कुठल्या अंगाने येते यावरून उद्याच्या वाऱ्याचा अंदाज बांधतात. माईंची अट वेगळी होती. "दवाखान्यासारखं दिसणारं काही त्या खोलीत नको. माणसाला उठता-बसता आपण आजारी आहोत असं वाटायला नको." मला दोन्ही अटी पटल्या. ती खोली आमच्या घरातली सगळ्यात सुंदर खोली आहे. शिसवी पलंग, वर लाकडी तक्तपोशी, गुळगुळीत कोबा. तिथे रोज नजरेसमोर राहणारी वस्तू चांगली दिसावी यात चैन कसली?

पहिली खरेदी चुकली. ऑनलाइन एक यंत्र फार देखणं दिसलं, वरून लाकडी रंगाचं, किंमत सहा हजारांच्या आत. आलं तेव्हा उघडून पाहिलं. आत फिल्टरच्या नावाखाली अस्तरासारखा एक पातळ थर. वर्णन पुन्हा वाचलं तर 'हेपा टाइप' असं लिहिलेलं. हा 'टाइप' शब्द दिसला की तिथेच थांबावं. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, त्यावरून कल्पना येईल. त्याहून वाईट म्हणजे त्या यंत्रात आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग, होता आणि तो बंद करायचं बटणच नव्हतं. तासाभरात खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास आला. तो ओझोनचा. ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो, दम्याच्या माणसाजवळ तो नकोच. यंत्र परत पाठवायला तीन आठवडे आणि किती फोन गेले ते आठवलं की अजून राग येतो. त्या तीन आठवड्यांत अप्पांच्या पाच-सहा रात्री बसून गेल्या.

मग मी नीट अभ्यास केला. वन्सं ठाण्याला असतात. त्यांनी त्यांचं यंत्र चार दिवस वापरून बघायला दिलं आणि त्या चार दिवसांत मला जितकं कळलं तितकं कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री मी ते माजघरात लावलं. आमचं माजघर थेट कौलांपर्यंत उघडं. यंत्र रात्रभर पूर्ण जोरात ओढत होतं आणि त्याच्यावरचा हवेतल्या कणांचा आकडा हलत नव्हता. कौलांच्या फटींतून येणारी हवा कुठलं यंत्र साफ करणार? दुसऱ्या रात्री अप्पांच्या खोलीत नेलं. तिथे तक्तपोशी आहे, दार मिटतं. सड्याकडच्या खिडकीच्या झडपांना सुती पट्ट्या चिकटवल्या. आता फरक दिसला. कौलारू घरात यंत्र घ्यायचं तर एका खोलीपुरतंच घ्यावं, आणि ती खोली वरून बंद असावी.

दिव्याचंही तेव्हाच कळलं. यंत्राच्या कपाळावर निळा गोल दिवा होता आणि तो रात्रभर भिंतीवर पडायचा. अप्पांनी उठून त्यावर पंचा टाकला. पंचा घसरून हवा घ्यायच्या जाळीवर आला आणि यंत्र घरघरायला लागलं. म्हणजे दिवे पूर्ण मालवता आले पाहिजेत. यादीत भर पडली.

आता आवाजाचं. इथे लोक फसतात, म्हणून थोडं थांबून लिहिते. खोक्यावर दोन मोठे आकडे असतात. एक सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा साफ करून देतं तो. दुसरा डेसिबल. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एकाच वेळचे नसतात. सीएडीआर सगळ्यात जोराच्या वेगाचा छापतात आणि डेसिबल सगळ्यात हळू वेगाचा. २२ डेसिबल वाचून आपण खूश होतो, पण त्या वेगाला यंत्र जेमतेम हवा हलवत असतं. जोरात लावलं की तेच यंत्र ५० डेसिबलच्या पुढे जातं. डेसिबलचं गणितही सरळ नाही, १० ने वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. झोपायच्या खोलीत रात्री सलग चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आमची खोली बारा बाय दहा फूट, तक्तपोशी नऊ फुटांवर. १,०८० घनफूट, म्हणजे तीस घनमीटरच्या जरा वर. दम्याच्या माणसासाठी तासाला पाच वेळा हवा बदलावी असं धरलं तर दीडशे घनमीटर लागतात. १८० सीएडीआरचं यंत्र कागदावर पुरलं असतं, पण ते रात्रभर फुल्लवर ठेवावं लागलं असतं. म्हणून मी दुपटीहून मोठं घ्यायचं ठरवलं, जे दुसऱ्या वेगावर दीडशेच्या आसपास देईल. बैलाला अर्ध्या ओझ्यावर चालवलं की तो धापा टाकत नाही, तसंच हे.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेले. दुकानात पंखे चालू, बाहेर रिक्षा, तिथे कसला आवाज कळणार? दुकानदारांना सगळी परिस्थिती सांगितली. ते भले गृहस्थ. म्हणाले, "वहिनी, खोका न फाडता उघडा, चार दिवस बघा, नाही पटलं तर आणून द्या." तीन यंत्रांपैकी एकाच्या पुस्तिकेत प्रत्येक वेगाचे दोन्ही आकडे वेगवेगळे दिले होते. दुसऱ्या वेगाला १६० घनमीटर आणि ३१ डेसिबल. तेच उचललं, साडेतेरा हजारांना. दिसायलाही हेच बरं होतं, मळकट पांढरं, गोल, कुठे चकाकी नाही. त्याहून देखणं एक होतं, राखाडी कापडाने मढवलेलं. हात फिरवला आणि ठेवून दिलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चपलांना आणि पुस्तकांना बुरशी धरते. ते कापड श्रावणापर्यंत ठिपक्यांनी भरलं असतं.

त्या रात्री अप्पा आडवे झाले. मी दिवा मालवला आणि यंत्र तिसऱ्या वेगावर लावलं. ते काही बोलले नाहीत. पहिल्यावर आणलं, मग दुसऱ्यावर. दुसऱ्या वेगाचा आवाज म्हणजे एकसारखा, जाड, खालच्या पट्टीतला. वन्संच्या यंत्रात मागे एक बारीक कुंईं होतं, मोजायला कमी पण डोक्यात शिरणारं. तसं इथे नव्हतं. मी उभ्या उभ्या कान देत होते. मिटलेल्या झडपांपलीकडून लाट फुटल्याचा आवाज आला, मागे सरली, पुन्हा आली. "आहे," अप्पा अंधारात म्हणाले. "राहू दे ह्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांना बोलावलं. यंत्र कोब्यावर ठेवायचं नव्हतं. त्यांनी उत्साहाने जाळीचं छोटं कपाटच करून देतो म्हटलं, म्हणजे ते दिसणारच नाही. मोह झाला. पण हे चारी बाजूंनी हवा घेतं. कपाटात कोंडलं तर स्वतःचीच साफ केलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसेल. मग त्यांनी फणसाच्या लाकडाचा एक चौरंग केला, वीतभर उंच, कडा गोल केलेल्या. पिवळसर लाकूड आता तेलपाण्याने तांबूस व्हायला लागलंय. भिंतीपासून फूटभर पुढे, पलंगाच्या पायथ्याशी तो ठेवलाय. माईंनी दोन दिवस काही म्हटलं नाही आणि तिसऱ्या दिवशी चौरंग स्वतः पुसला.

एप्रिलमध्ये वरच्या वाडीत पुन्हा भाजलं. संध्याकाळी यंत्रावर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा १४० दाखवत होता. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. खोली बंद करून आधी पाऊण तास फुल्लवर लावलं, अप्पा तेव्हा ओटीवर बसले होते. आकडा तिशीत आला तेव्हा दुसऱ्या वेगावर आणून त्यांना झोपायला बोलावलं. रात्रभर पंप लागला नाही. सगळ्याच रात्री अशा गेल्या असं मी म्हणणार नाही, पण दिवा लागायचं खूप कमी झालं.

आणखी काही गोष्टी राहिल्या. लाइट गेली आणि परत आली की काही यंत्रं बंदच राहतात, कुणीतरी उठून बटण दाबावं लागतं. आमच्याकडे लाइट रात्रीतून दोनदा जाते. आमचं यंत्र आपोआप आधीच्या वेगावर चालू होतं, हे मी दुकानात प्लग काढून, लावून बघितलं होतं. तुम्हीही बघा. नवीन यंत्रात फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, ती काढल्याशिवाय लावू नका. थंडीत पहाटे धुकं असतं तेव्हा आकडा उगाच वर जातो, ते पाण्याचे थेंब असतात, घाबरू नका. आंब्याच्या फवारणीचा वास मात्र हेपाने अडत नाही, कार्बनचा थर थोडाफार घेतो. फवारणीच्या दिवशी खिडक्या मिटणं हाच उपाय. आणि दमट भिंतीची बुरशी हे यंत्र घालवत नाही. त्यासाठी आम्ही पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतली, पलंग भिंतीपासून लांब केला.

पावसाळ्यात, धूर नसतो तेव्हा, फिल्टर काढून कोरड्या डब्यात ठेवला आणि यंत्र कोरड्या कापडाने गुंडाळलं. ऑक्टोबरात बघितलं तर पांढरा फिल्टर चुलीतल्या राखेच्या रंगाचा झालेला. नवा आणला, अठ्ठावीसशे रुपये. जुना मी पारदर्शक पिशवीत बांधून टाकायला काढला होता, तो अप्पांनी ठेवून घेतला. वरच्या वाडीतले गुरवकाका कणसं घेऊन आले तेव्हा ओटीवर त्यांच्यासमोर ठेवला. तक्रार केली नाही, नुसता दाखवला. काकांनी पिशवी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

यंदा फेब्रुवारीत त्यांच्या नातवाचा आदल्या संध्याकाळी फोन आला, "काकी, उद्या आमची भाजावळ आहे." मी सड्याकडची खिडकी मिटली आणि पट्ट्या नीट बसल्यात का ते हाताने चाचपून पाहिलं.