आमची वाटचाल: बंबापासून प्रेस मशीनपर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो पाणी तापवायच्या तांब्याच्या गळक्या बंबांवर. वडिलांनी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत उमेदवारी केली आणि पुढे स्वतःचं एका शटरचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. गळका बंब आला की तो आधी दोन दिवस उन्हात पालथा पडायचा. गिऱ्हाईक घाई करायचं, वडील करायचे नाहीत. सांध्यात ओल राहिली तर झाळ, म्हणजे सांधा जोडणारं वितळलेलं कथील, धरत नाही, हे त्यांचं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं सांगणं. मग चिंच आणि वाळूनं घासून तांबं गुलाबी करायचं, तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर नाकाला झोंबला की कथिलाची काडी लावायची. कथील पाण्यासारखं फटीत ओढलं जायचं, उभ्या सांध्यात वरच्या बाजूलासुद्धा. ते बघायला मी शाळा बुडवायचो.

तोटीचा सांधा सुटून बंब परत आला की वडील एकच विचारायचे, "पाणी भरलं होतं का?" कथील २३२ अंशांना वितळतं. बंबात पाणी असेल तर खाली जाळ कितीही असो, तांबं शंभरच्या फारसं वर जात नाही. पाणी नसेल तर झाळ सरळ निखाऱ्यात टपकते. गिऱ्हाईक मान खाली घालायचं आणि दुरुस्तीचे पैसे मुकाट्यानं द्यायचं.

बंब गेले, गॅसचे गीझर आले, आणि मी धंद्यात उतरलो तोवर सोलर गीझरचं वारं वाहू लागलं होतं. आम्ही एका कारखान्यासाठी पॅनेलच्या आतली तांब्याची जाळी ब्रेझिंग करून, म्हणजे जास्त तापमानाच्या कडक झाळेनं जोडून, द्यायचो आणि गच्चीवरची लाइन जोडायचो. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटरचं पॅनेल. कॉपर-फॉस्फरसची काडी, सातशे अंशांच्या पुढची ज्योत. तांब्याला तांबं असेल तर वेगळा फ्लक्स (नवसागरासारखं सांधा साफ करणारं द्रव्य) लागत नाही, पितळ आलं की लागतो. पुढे काचेच्या नळ्यांचे स्वस्त संच बाजारात आले आणि पॅनेलचं काम निम्म्यावर आलं. बाथरूममधलं गरम पाणी तर सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपानं नेलंच. त्याबद्दल तक्रार नाही. दोन खोल्यांच्या घरातल्या बाथरूमला मीही आज तांबं सांगत नाही. मात्र सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांची आहे. तो पाइप पॅनेलच्या तोंडाशी आणून जोडलेला दिसला की मी त्या घरमालकाला आजही फुकट सल्ला देतो.

आम्ही वळलो हॉटेलं आणि दवाखान्यांच्या गरम पाण्याच्या लाइनकडे. ब्रेझिंग फक्त पॅनेल आणि हेडरला (जाड मुख्य पाइपाला), इमारतीतल्या १५ ते २८ मिलिमीटरच्या लाइनला बिनशिशाची मऊ झाळ. काम बरं चाललं होतं. मग २०१६ साली एका चालू हॉटेलात तिसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये २८ची लाइन फुटली.

मेन व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी पास करत होता. बोटभर धारसुद्धा नव्हती, थेंब थेंब, पण तेवढ्यानं भागतं. गॅसचा टॉर्च मारला की आतल्या थेंबाची वाफ होते आणि तांबं शंभरच्या वर चढतच नाही. जे पाणी बंबाची झाळ वाचवायचं तेच इथं झाळ बसू देईना. आमचे मिस्त्रीमामा वडिलांच्या वेळचे. त्यांनी खालून लादीपाव मागवला, कडा काढून मऊ भाग पाइपात दाबून बसवला. पाव पाणी धरून ठेवतो, तोवर सांधा होतो, नंतर लगदा होऊन नळातून बाहेर पडतो. युक्ती जगभरचे प्लंबर करतात, चांगली आहे. सांधा झालाही. फक्त डक्टमध्ये शेजारच्या पाइपावर काळं रबरी इन्सुलेशन होतं, ज्योतीनं ते धुमसलं, धुराचा अलार्म वाजला आणि रात्री अकराला दोन मजल्यांवरचे पाहुणे चपला घालून रस्त्यावर उभे राहिले. आग लागली नाही. बिलातून बरीच रक्कम कापली गेली. दुसऱ्या दिवशी एका खोलीतून तक्रार आली की शॉवरमधून पाव येतोय.

प्रेस फिटिंगचं नाव ऐकून होतो. रबराची ओ-रिंग आत असलेली फिटिंग, पाइप घालायचा, मशीनचा जबडा लावायचा, बटण दाबायचं. ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांचा दाब, पाच-सात सेकंद. जाळ नाही, जाळ लावायच्या परवानगीचा कागद नाही, ओल्या पाइपावरही चालतं. मशीन जबड्यांसकट लाखाच्या वर जात होतं आणि एकेका फिटिंगचा भाव साध्या कॉपर फिटिंगच्या कैक पट. तरी हप्त्यावर घेतलं. मामा म्हणाले, "बंदूक आणलीस. घे, तुझा पैसा." वर्षभर त्यांनी तिला हात लावला नाही.

पहिल्या वर्षात त्या बंदुकीनं आम्हाला दोनदा रडवलं, आणि दोन्ही वेळा चूक आमचीच.

पहिली चूक सुताची. आपल्याकडे एसीवाल्यांचा तांब्याचा पाइप सुतावर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागावर, विकला जातो. सात सूत म्हणजे २२.२ मिलिमीटर, प्रेस फिटिंग असते बरोबर २२ची. गोदामात दोन्ही पाइप शेजारी उभे होते, नुसत्या डोळ्यानं फरक कळत नाही. पोरानं सात सुती पाइप उचलला, आत जाईना म्हणून पॉलिश पेपरनं घासून घासून बसवला. घासलेल्या पाइपावर ओ-रिंग काय धरणार? आता गोदामात दोन वेगळ्या भिंतींना दोन रंग आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर.

दुसरी चूक जास्त महागात गेली. एका बंगल्यात एकेचाळीस सांधे होते, चाळीस दाबले. एक्केचाळीसावा कपाटामागे नुसता घातलेला राहिला. टेस्टिंगला तो तसाच टिकला, कारण ओ-रिंग घट्ट होती. तीन आठवड्यांनी रात्री पाइप निसटला. लाकडी फरशीचं काय झालं ते लिहीत नाही. झाळलेल्या सांध्याचं असं सहसा होत नाही. तिथं राहिलेला सांधा बहुतेक वेळा पाणी सोडताच तोंड उघडतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी बांधून घेतल्या. न दाबलेला सांधा मुद्दाम गळावा अशी रचना असलेलीच फिटिंग घ्यायची, आणि आधी अगदी कमी दाबावर टेस्ट करायची, मग वाढवायचं. पाइप कापला की आतबाहेरची धार काढायची, नाहीतर तीच रिंग कापते. आणि मार्कर: पाइप किती आत गेला त्याची एक रेघ, दाबल्यावर फिटिंगवर दुसरी. एक रेघ दिसली की सांधा कच्चा. ही दोन रेघांची पद्धत मामांनी लावली. सोनार खूण करतो तशी करा म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बंदूक हातात घेतली.

आज चालू इमारतीत, डक्टमध्ये, लाकडी पॅनेलमागे आम्ही प्रेसच लावतो. मजुरीचा वेळ आणि बंद खोल्यांचं भाडं धरलं तर महाग पडत नाही. कोपरा इतका अडचणीचा असेल की जबडा फिरत नाही, तिथं टॉर्च. ऑक्सिजनच्या लाइनला मात्र ब्रेझिंगच. २०२१च्या उन्हाळ्यात आम्ही एका मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली सलग सात आठवडे तेच केलं. आतून नायट्रोजन सोडत राहायचं, म्हणजे पाइपाच्या आत काळी खपली धरत नाही. ती खपली रुग्णाच्या मास्ककडे जाते. तेलाचा हातही पाइपाला लागू द्यायचा नाही. मामा रोज दोनदा साबणानं हात धुवायचे आणि पोरांचे हुंगून बघायचे.

आणि पॅनेलच्या तोंडाशी प्रेस नाही. साध्या काळ्या ओ-रिंगची मर्यादा ११०-१२० अंशांच्या आसपास संपते. मे महिन्यात सोसायटीला पाणी नसलं, टाकी रिकामी पडली, तर दुपारी पॅनेल दीडशेच्या पुढे जातं. जास्त तापमानाची वेगळी रिंग मिळते, पण साइटवर काळी आणि ती पोरं मिसळणार नाहीत याची हमी मी देऊ शकत नाही.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या कमिटीनं विचारलं, सगळीच लाइन प्रेसमध्ये का देत नाही, दुसरे देतायत, दोन दिवस लवकर आणि स्वस्तात. मी रिंगचं सांगायला लागलो, तेवढ्यात मामांनी मध्येच सेक्रेटरींना विचारलं, "उन्हाळ्यात टँकर किती येतात तुमच्याकडे?" ते म्हणाले, रोज चार, तेही पुरत नाहीत. मामा माझ्याकडे बघून गप्प बसले. काम दुसऱ्याला गेलं.